चार्ल्स ब्रेंटन हगिन्स

चार्ल्स ब्रेंटन हगिन्स (२२ सप्टेंबर, १९०१: हॅलिफॅक्स, नोव्हा स्कॉशिया, कॅनडा – १२ जानेवारी, १९९७: शिकागो, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन शल्यचिकित्सक, मूत्ररोगतज्ज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. प्रोस्टेट ग्रंथीचा (पुरःस्थ ग्रंथीचा) कर्करोग पुरुषी संप्रेरकांच्या आधारे वाढतो आणि हा आधार काढून घेतल्यास शरीरात अन्यत्र पसरलेला रोगही माघार घेऊ शकतो, हे त्यांनी १९४१ साली सिद्ध केले. या शोधाबद्दल त्यांना १९६६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रान्सिस पेटन राउस यांच्यासमवेत विभागून देण्यात आले.

हगिन्स यांच्या संशोधनापूर्वी प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोहोचलेल्या रुग्णासाठी वेदनाशामक औषधांपलीकडे फारसे काही करता येत नसे. त्यांच्या संशोधनामुळे अशा रुग्णांना प्रथमच खराखुरा आराम मिळाला. हा आराम म्हणजे रोगमुक्ती नव्हे, ही मर्यादाही पुढे त्यांच्याच कामातून स्पष्ट झाली. आज या रोगावर जे अनेक उपचार उपलब्ध आहेत, त्यांपैकी संप्रेरकोपचाराची संपूर्ण शाखा त्यांच्या या शोधावर उभी आहे.

जन्म आणि शिक्षण

हगिन्स यांचा जन्म कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे वडील चार्ल्स एडवर्ड हगिन्स हे औषधनिर्माते होते. आईचे नाव बेसी मारिया स्पेन्सर असे होते. हॅलिफॅक्स येथे शालेय शिक्षण पूर्ण करून हगिन्स यांनी वुल्फव्हिल येथील अकेडिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२० साली, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, ते पदवीधर झाले. त्यानंतर ते अमेरिकेतील बोस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १९२४ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली.

शल्यचिकित्सेचे पुढील प्रशिक्षण त्यांनी ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात फ्रेडरिक कोलर यांच्या मार्गदर्शनाखाली घेतले. तेथेच त्यांची मार्गारेट वेलमन यांच्याशी ओळख झाली. १९२७ साली त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक पुत्र व एक कन्या अशी दोन अपत्ये झाली.

शिकागो विद्यापीठातील आरंभीची वर्षे

१९२७ साली शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विभागाचे काम सुरू होत होते. त्याच्या अगदी पहिल्या अध्यापकांमध्ये हगिन्स यांचा समावेश होता. शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख डॅलस फेमिस्टर यांनी त्यांच्यावर मूत्ररोग शाखेची जबाबदारी सोपवली. हगिन्स यांचे प्रशिक्षण सर्वसाधारण शल्यचिकित्सेचे होते. मूत्ररोगशास्त्र त्यांना ग्रंथांतून व प्रत्यक्ष कामातून शिकून घ्यावे लागले. पुढे याच शाखेत त्यांनी आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम केले.

फेमिस्टर यांच्या विभागात अध्यापकाने रुग्णसेवेबरोबर प्रयोगशाळेतील संशोधनही करावे, असा आग्रह होता. त्या दृष्टीने १९३१ साली हगिन्स युरोपात गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेत रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे त्यांनी फॉस्फेटेज या विकराच्या (एन्झाइमच्या) अभ्यासाची पद्धत आत्मसात केली. बर्लिन येथे जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या कर्करोगविषयक संशोधनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. रॉबिसन यांच्याकडील शिक्षणाचा उपयोग दहा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे मोजमाप करताना झाला.

१९३३ साली हगिन्स यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले आणि १९३६ साली ते प्राध्यापक झाले.

हाडे व अस्थिमज्जेवरील संशोधन

कर्करोगाकडे वळण्यापूर्वी हगिन्स यांनी हाडांच्या निर्मितीचा अभ्यास केला. मूत्रमार्गाच्या आतील अस्तराचा तुकडा श्वानाच्या उदरभित्तीतील स्नायूंच्या आवरणात रोपण केल्यास तेथे नवे हाड तयार होते, असे त्यांनी १९३१ साली दाखवले.

दुसरा प्रयोग अस्थिमज्जेचा होता. रक्तपेशी निर्माण करणारी लाल मज्जा शरीराच्या मध्यभागातील हाडांत आढळते, तर हातापायांच्या टोकांकडील हाडांत पिवळी, चरबीयुक्त मज्जा असते. हा भेद तापमानामुळे पडत असावा, असा हगिन्स यांचा तर्क होता. त्यांनी उंदराच्या शेपटीचे टोक वळवून त्याच्याच उदरपोकळीत बसवले. उबदार जागी गेलेल्या त्या हाडांत लाल मज्जा तयार झाली. १९३६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग साधा होता, परंतु त्याचे उत्तर निःसंदिग्ध होते. नेमका प्रश्न विचारावा, त्यासाठी सोपी रचना शोधावी आणि परिणाम मोजून पाहावा, ही त्यांची पद्धत पुढील सर्व संशोधनात कायम राहिली.

तत्कालीन उपचारांची स्थिती

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. वीर्यातील द्रवाचा काही भाग तिच्यात तयार होतो. वय वाढते तशी ही ग्रंथी अनेक पुरुषांत मोठी होते. ही वाढ कर्करोगाची नसते. काही पुरुषांत मात्र तिच्यात कर्करोग उद्भवतो आणि तो वाढत जाऊन बहुधा कंबरेच्या व मणक्यांच्या हाडांत पसरतो.

कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित असताना ती समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केली होती. रेडियमचाही वापर होत असे. परंतु रोग लवकर ओळखण्याचे खात्रीचे साधन नव्हते. बहुतेक रुग्ण डॉक्टरांकडे येत, तेव्हा रोग ग्रंथीबाहेर गेलेला असे. लघवी अडलेली, हाडांत असह्य वेदना, अन्नावरची वासना उडालेली, वजन घटलेले, अशा अवस्थेतील माणसाला मूत्रनलिका आणि मॉर्फीन यांवाचून अन्य आधार नसे.

वृषण आणि प्रोस्टेट यांचा संबंध पूर्वीच लक्षात आलेला होता. वृषण काढलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी आक्रसते, असे अठराव्या शतकात इंग्लंडचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी नोंदवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवर वृषण काढण्याचा उपाय सुचवला होता. १८९६ साली स्कॉटलंडमधील जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढून स्तनाच्या कर्करोगात सुधारणा झाल्याचे नोंदवले. असे असले, तरी कर्करोगाची पेशी शरीराच्या नियंत्रणातून पूर्णतः सुटलेली असते, ही समजूत वैद्यकात दृढ होती. त्यामुळे हे सुटे धागे एकत्र आले नाहीत.

श्वानांवरील प्रयोग

प्रोस्टेटमधील द्रव किती व कसा तयार होतो, हा हगिन्स यांचा मूळ प्रश्न शरीरक्रियाविज्ञानाचा होता. त्यासाठी त्यांनी श्वानांवर एक विशेष शस्त्रक्रिया विकसित केली. तीत मूत्राशय प्रोस्टेटपासून वेगळे करून मूत्र स्वतंत्र मार्गाने बाहेर काढले जाई, त्यामुळे प्रोस्टेटचा स्राव शुद्ध स्वरूपात गोळा करता येई. एकाच श्वानाच्या स्रावाचे प्रदीर्घ काळ मोजमाप करणे यामुळे शक्य झाले. या पद्धतीचे वर्णन १९३९ साली प्रसिद्ध झाले.

वृषण काढल्यावर स्राव झपाट्याने घटून थांबतो आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचले की तो पुन्हा सुरू होतो, असे या मोजमापांतून दिसले. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यास टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव दबतो, हेही आढळले.

वयस्क श्वानांमध्ये प्रोस्टेटची वाढ नैसर्गिकरीत्या होते. अशी गाठ असलेले श्वान प्रयोगात आले की मोजमापात अडथळा येई. परंतु वृषण काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर या वाढलेल्या ग्रंथीही आक्रसू लागल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने हगिन्स यांच्यासमोर पुढचा प्रश्न उभा केला. साधी वाढ जर संप्रेरकांवर अवलंबून असेल, तर मनुष्यातील कर्करोगही त्यांच्यावर अवलंबून असेल काय?

१९४१ चे शोधनिबंध

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी रोगाची वाढ-घट मोजण्याचे साधन आवश्यक होते. ते न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर गुटमन व एथेल गुटमन यांच्या कामातून मिळाले. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फेटेज या विकराचे प्रमाण वाढते, असे त्यांनी १९३८ साली दाखवले होते. अल्कलाइन फॉस्फेटेज हे दुसरे विकर हाडांतील घडामोड सूचित करते. लंडनमध्ये फॉस्फेटेजचा अभ्यास केलेल्या हगिन्स यांना या दोन्ही मोजमापांचे महत्त्व चटकन उमगले.

क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्यासमवेत हगिन्स यांनी हाडांत रोग पसरलेल्या रुग्णांची पाहणी केली. वृषण काढल्यानंतर किंवा इस्ट्रोजेन दिल्यानंतर रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज घटत गेले. टेस्टोस्टेरॉन दिले असता ते वाढले. कर्करोगाची क्रिया संप्रेरकांबरोबर खालीवर होते, याचा हा अंकांतील पुरावा होता. हा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात हगिन्स, स्टीव्हन्स आणि हॉजेस यांनी वृषण काढलेल्या २१ रुग्णांची हकीकत मांडली. या सर्वांचा रोग पुढच्या टप्प्यात पोहोचलेला होता. त्यांपैकी १५ जणांत स्पष्ट सुधारणा दिसली. वेदना कमी झाल्या, भूक परतली, वजन वाढले, तपासणीत गाठ लहान झालेली आढळली. अंथरुणाला खिळलेल्या काही माणसांना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत वेदनेपासून सुटका मिळाली. उरलेल्या रुग्णांना मात्र फारसा लाभ झाला नाही आणि ही बाबही निबंधात नोंदवलेली आहे.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून औषधही उपलब्ध होते. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले होते. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत असे. वृषण काढण्यास तयार नसलेल्या रुग्णांसमोर त्यामुळे दुसरा मार्ग आला. तोंडाने घ्यावयाच्या सुलभ रासायनिक औषधाने शरीरभर पसरलेल्या कर्करोगाला आवर घालता येतो, हे वैद्यकाच्या इतिहासात येथे प्रथमच दिसले.

या निबंधांचे महत्त्व केवळ एका रोगापुरते नव्हते. कर्करोगाच्या सर्वच पेशी पूर्णतः स्वैर नसतात, त्यांपैकी काही आपल्या मूळ अवयवाप्रमाणेच शरीराच्या रासायनिक संदेशांवर जगतात, हे त्यांतून सिद्ध झाले. तसेच रक्तातील एका घटकाच्या मोजमापावरून उपचार लागू पडतो की नाही हे ठरवण्याची पद्धत कर्करोगाच्या चिकित्सेत रूढ झाली.

उपचाराची मर्यादा

वृषण काढल्यावर मिळणारा आराम काही रुग्णांत अनेक वर्षे टिकला. परंतु बहुसंख्य रुग्णांत काही काळाने रोगाने पुन्हा डोके वर काढले. याचे कारण शोधताना हगिन्स यांचे लक्ष मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींकडे गेले. या ग्रंथींतही पुरुषी संप्रेरके अल्प प्रमाणात तयार होतात.

१९४५ साली हगिन्स व विल्यम स्कॉट यांनी काही रुग्णांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. या ग्रंथींची इतर संप्रेरके जीवनावश्यक असतात आणि त्यांना पर्याय देणारे कॉर्टिसोन त्या वेळी उपलब्ध नव्हते. परिणामी हे रुग्ण फार काळ तग धरू शकले नाहीत. कॉर्टिसोन हाती आल्यानंतर, १९५१–५२ च्या सुमारास, डेलबर्ट बर्गेनस्टाल यांच्यासमवेत त्यांनी हा उपचार पुन्हा केला. आता रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर नीट जगवता येत होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात मिळालेला लाभ बहुतांशी अल्पकालीन ठरला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या काही स्त्रियांना मात्र या शस्त्रक्रियेने लक्षणीय आराम मिळाला.

रोग उपचाराला दाद का देईनासा होतो, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हगिन्स यांच्या हयातीत मिळाले नाही. तथापि वृषणांखेरीज शरीरात अन्यत्र तयार होणारी पुरुषी संप्रेरके या रोगाला पोसतात, ही त्यांची दिशा योग्य होती, हे एकविसाव्या शतकातील औषधांनी दाखवून दिले.

बेन मे प्रयोगशाळा

१९५१ साली अलाबामातील उद्योजक बेन मे यांच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात बेन मे कर्करोग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. हगिन्स तिचे पहिले संचालक झाले व १९६९ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात त्यांचे लक्ष मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावर केंद्रित झाले. एका विशिष्ट रसायनाची एकच मात्रा मादी उंदरांना खाऊ घालून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग निर्माण करण्याची पद्धत त्यांनी १९६१ साली मांडली. अशा गाठींपैकी बऱ्याच गाठी संप्रेरकांवर अवलंबून असल्याने नव्या औषधांची पारख करण्यासाठी ही पद्धत जगभर वापरली गेली.

प्रयोगशाळेचा व्याप त्यांनी हेतुपुरस्सर लहान ठेवला. मोठे संशोधक स्वतःच्या हाताने प्रयोग करीत नसतील, तर त्यांची दृष्टी बोथट होते, अशी त्यांची धारणा होती. समित्या, परिषदा आणि प्रशासकीय पदे यांपासून ते शक्यतो दूर राहत. सकाळी लवकर प्रयोगशाळेत येऊन प्राण्यांची तपासणी स्वतः करण्याचा त्यांचा क्रम वार्धक्यातही चालू होता.

त्यांच्या प्रयोगशाळेतील एलवूड जेन्सन यांनी पेशींमधील इस्ट्रोजेन-ग्राहक शोधून काढले. स्तनाच्या कोणत्या गाठीवर संप्रेरकोपचार लागू पडेल, हे आधीच ओळखण्याची वाट त्यामुळे खुली झाली. शुत्सुंग लियाओ यांनी पुरुषी संप्रेरकांच्या ग्राहकावर मूलभूत संशोधन केले. संप्रेरक कर्करोगाच्या पेशीला वाढीचा संदेश नेमका कसा देते, हा हगिन्स यांच्या संशोधनात अनुत्तरित राहिलेला दुवा या दोघांच्या कामामुळे जुळला.

पुरस्कार आणि सन्मान

हगिन्स यांना १९६३ साली वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार व १९६६ साली कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला. १९६६ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मूळ शोधानंतर पंचवीस वर्षांनी मिळाले. त्यांचे सहविजेते पेटन राउस यांनी कोंबड्यांतील गाठ विषाणूमुळे होते हा शोध १९११ साली लावला होता. पारितोषिकाच्या वेळी राउस ८७ वर्षांचे, तर हगिन्स ६५ वर्षांचे होते. १९२६ सालच्या योहानेस फिबिगर यांच्या पारितोषिकानंतर कर्करोग संशोधनाला मिळालेले हे पहिलेच नोबेल होते. फिबिगर यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला होता.

आपल्या पहिल्या विद्यापीठाशी हगिन्स यांचा स्नेह कायम होता. १९७२ ते १९७९ या काळात त्यांनी अकेडिया विद्यापीठाचे कुलपतिपद भूषविले.

कौटुंबिक जीवन आणि अखेर

हगिन्स यांना बाख व मोझार्ट यांच्या संगीताची आवड होती. त्यांचे पुत्र चार्ल्स एडवर्ड हगिन्स हेही शल्यचिकित्सक झाले. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्यांनी रक्त गोठवून दीर्घकाळ साठवण्याच्या तंत्रावर उल्लेखनीय काम केले. मार्गारेट हगिन्स यांचे १९८३ साली व पुत्राचे १९९० साली निधन झाले. संचालकपद सोडल्यावरही हगिन्स अनेक वर्षे प्रयोगशाळेत काम करीत राहिले. १२ जानेवारी, १९९७ रोजी शिकागो येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उपचारांची पुढील वाटचाल

हगिन्स यांच्या शोधानंतर सुमारे चाळीस वर्षे वृषण काढणे आणि स्टिल्बेस्ट्रॉल देणे हे पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरील दोन मुख्य उपचार होते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचण्यांतून स्टिल्बेस्ट्रॉलच्या मोठ्या मात्रेमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढतात, असे उघड झाले. कर्करोग आटोक्यात ठेवणारे औषध रुग्णाचा अन्य मार्गाने बळी घेऊ शकते, हा धडा महत्त्वाचा होता.

मेंदूतून वृषणांना मिळणाऱ्या संदेशांची साखळी अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांनी १९७१ च्या सुमारास उलगडली. त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावर आधारित इंजेक्शने १९८० च्या दशकात वापरात आली. ती ठरावीक अंतराने दिल्यास वृषण न काढताही टेस्टोस्टेरॉनची निर्मिती थांबते. अधिवृक्क ग्रंथींत व खुद्द गाठीत तयार होणाऱ्या पुरुषी संप्रेरकांना रोखणारे ॲबिराटेरोन २०११ साली, तर संप्रेरकाच्या ग्राहकाला अडवणारे एन्झालुटामाइड २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. १९४५ साली अधिवृक्क ग्रंथी काढून हगिन्स जे साधू पाहत होते, तेच आता गोळ्यांनी बऱ्याच अंशी साधता येते.

ॲसिड फॉस्फेटेजची जागा प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन, म्हणजेच पीएसए, या रक्तचाचणीने घेतली. अमेरिकेत १९८६ साली तिला मान्यता मिळाली. या चाचणीमुळे रोग पूर्वीपेक्षा बराच लवकर आढळू लागला आणि त्यासोबत नवा प्रश्न उद्भवला. लहान, मंदगतीने वाढणाऱ्या प्रत्येक गाठीवर उपचार करणे आवश्यक आहे काय?

आजचे उपचार-पर्याय आणि हगिन्स यांच्या शोधाचे स्थान

प्रोस्टेटच्या कर्करोगावर आज कोणता उपचार करावयाचा, हे रोगाचा टप्पा, पेशींची आक्रमकता, पीएसएचे प्रमाण, रुग्णाचे वय, त्याची एकंदर प्रकृती आणि त्याची स्वतःची इच्छा यांवर ठरते.

कमी धोक्याचा, ग्रंथीपुरता मर्यादित रोग असल्यास नियमित तपासण्या करीत केवळ देखरेख ठेवणे हा मान्यताप्राप्त पर्याय आहे. रोग वाढत असल्याचे दिसल्यास तेव्हा उपचार सुरू केले जातात. दुसरा पर्याय ग्रंथी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा आहे. १९८० च्या दशकात पॅट्रिक वॉल्श यांनी मज्जातंतू वाचवून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत विकसित केली. तरीही लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर तिचा परिणाम होऊ शकतो. तिसरा पर्याय किरणोपचाराचा असून तो बाहेरून किंवा ग्रंथीत किरणोत्सर्गी कण बसवून दिला जातो. त्यामुळे मूत्राशय व गुदाशय यांना त्रास होण्याची शक्यता असते.

ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १५ वर्षांनंतर या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण एकंदरीत ३ टक्क्यांहून कमी होते आणि तिन्ही गटांत त्यात लक्षणीय फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र इतर दोन गटांच्या सुमारे दुप्पट होते. म्हणून या टप्प्यावरील रुग्णाला विचार करण्यास व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास बहुधा पुरेसा अवधी असतो.

रोग पसरलेला असल्यास संप्रेरकोपचार हा आजही उपचाराचा पाया आहे. त्याच्या जोडीला नवी संप्रेरकरोधक औषधे किंवा डोसिटॅक्सेलसारखी केमोथेरपी दिली जाते. स्थानिक पातळीवर वाढलेल्या रोगात किरणोपचाराबरोबर संप्रेरकोपचार दिल्यास रुग्ण अधिक काळ जगतात, असे युरोपातील एका चाचणीने १९९७ साली, म्हणजे हगिन्स यांच्या निधनाच्याच वर्षी, दाखवून दिले. ग्रंथीपुरत्या मर्यादित, कमी धोक्याच्या रोगात मात्र केवळ संप्रेरकोपचार करणे सहसा उचित मानले जात नाही.

संप्रेरकोपचाराची किंमतही रुग्णाला मोजावी लागते. अंगातून गरम वाफा येणे, कामेच्छा नष्ट होणे, थकवा, स्नायू घटणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेहाचा धोका वाढणे असे परिणाम संभवतात. वृषण काढण्याची मूळ शस्त्रक्रिया कालबाह्य झालेली नाही. ती एकदाच करावी लागते, तिचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि तिचा खर्च दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यामुळे महाराष्ट्रासह भारतात, जेथे अनेक कुटुंबांना औषधांचा खर्च स्वतः सोसावा लागतो, तेथे हा पर्याय आजही रुग्णासमोर ठेवला जातो. मात्र ती शस्त्रक्रिया उलटवता येत नाही आणि तिचा मनावर होणारा आघातही दुर्लक्षिण्याजोगा नसतो. म्हणून हा निर्णय रुग्णाने सर्व बाजू समजून घेऊन करावयाचा असतो.

मूल्यमापन

हगिन्स यांनी कर्करोग बरा करण्याचा उपाय शोधला, असे म्हणणे अचूक ठरणार नाही. असाध्य समजल्या गेलेल्या टप्प्यावरील रोगाला एक आधार असतो, तो आधार ओळखता येतो आणि काढून घेता येतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. २१ रुग्णांच्या नोंदींत १५ जणांच्या सुधारणेबरोबर उरलेल्यांचे अपयशही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले आणि पुढील संशोधनाची सुरुवात त्या अपयशापासूनच केली. बरा करणारा उपचार, रोखून धरणारा उपचार आणि वेदना कमी करणारा उपचार यांतील भेद रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला समजणे या रोगात सर्वांत आवश्यक असते. हा भेद नेमका कोठे पडतो, हे हगिन्स यांच्या नोंदींतून प्रथमच स्पष्ट झाले.